बंद डब्यातला उजेड

न्हावा शेव्याच्या यार्डात परत आलेला रिकामा कंटेनर आधी सर्व्हेअरच्या नजरेखालून जातो. आम्ही सगळे त्याला डबाच म्हणतो. चारी बाजू, छत, दाराच्या दांड्या, बिजागऱ्या, कोपऱ्यांचे ओतीव ठोकळे बघून झाले की सर्व्हेअर आत शिरतो आणि बाहेरचा सोबती दोन्ही दारे लावून घेतो. आत मिट्ट काळोख होतो. एप्रिल-मेमध्ये पत्रा इतका तापलेला असतो की आत पाऊल टाकताच शर्ट अंगाला चिकटतो. आधीच्या मालाचा वास रेंगाळत असतो, कधी मिरचीचा, कधी रबराचा, कधी नाव न सांगता येणाऱ्या रसायनाचा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचे आणि मग ठरल्या क्रमाने पाहायचे. आधी छत, मग भिंती, मग जमिनीच्या कडा, शेवटी दाराचे रबर. सुईच्या टोकाएवढा जरी उजेड दिसला तरी तिथे खडूने गोल करायचा. याला लाइट टेस्ट म्हणतात. जिथून उजेड येतो तिथून पाणी येते. अशा डब्यात तांदूळ भरला आणि वाटेत पावसाचे किंवा समुद्राचे पाणी आत झिरपत राहिले, तर पलीकडच्या बंदरात पोती बुरशी धरूनच उतरतात.

हे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि मराठी कथा त्याच्याही आधीपासून वाचतो आहे. या दोहोंची गाठ पडली ती जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘स्वामी’ या कथेमुळे. कथेतले प्रतीक वाचायचे कसे, हे मला वर्गात जेवढे कळले त्याहून जास्त या यार्डात कळले. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या गेटवर एक तरुण क्लार्क होता. आत येणाऱ्या प्रत्येक डब्याचा नंबर, चार अक्षरे आणि सात आकडे, तपासून नोंदवणे हे त्याचे काम. रात्रपाळीत ट्रेलरची रांग ओसरली की तो ड्रॉवरमधून पुस्तक काढायचा. दूरशिक्षणाने मराठीत एम. ए. करत होता. घर हनुमान कोळीवाड्यात. एका रात्री चहा घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेलो तर तो एका गाइडमधले पान वहीत उतरवत बसला होता. पानावर दोन रकाने होते. डावीकडे ‘वेल’, ‘भुयार’, ‘महंत’, ‘अंधार’. उजवीकडे ‘जीवनेच्छा’, ‘नियती’, ‘व्यवस्था’, ‘अज्ञान’.

“दादा, हे सगळं पाठ झालंय,” तो म्हणाला. “पण कथा वाचताना यातलं एकही डोक्यात येत नाय. माझं काही चुकतंय का?”

“कथा वाचताना काय होतं तुला?”

त्याने थोडा विचार केला. “गुदमरायला होतं.”

“मग तिथून सुरुवात कर.”

‘स्वामी’ ही कथा ‘पिंगळावेळ’ या १९७७ सालच्या संग्रहात आहे. प्रवासात अडकलेला एक साधा माणूस एका महंताच्या आग्रहावरून त्याच्या मठात जातो आणि जमिनीखालच्या खोलीत कायमचा कोंडला जातो. छळ करण्यासाठी त्याला कोंडलेले नसते. मठाला स्वामी हवा असतो आणि हा स्वामी झालेला असतो. अन्न, वस्त्र, मान, भक्तांची श्रद्धा, सगळे त्याच्या वाट्याला येते. फक्त बाहेर जायची वाट त्याच्यासाठी नसते. वरून हवा येण्यापुरती एक जागा असते, तेवढाच काय तो बाहेरच्या जगाशी संबंध. त्या कोंडीत एक वेल वाढू लागते आणि तो माणूस आपल्या वाटणीचे पाणी घालून तिला जपतो. वेल वर चढत जाते, उजेडाच्या दिशेने.

गाइडमधले उत्तर खोटे होते असे मी म्हणणार नाही. वेल म्हणजे जीवनेच्छा, हे कुणालाही पटेल. पण वेलीच्या जागी ‘जीवनेच्छा’ हा शब्द एकदा ठेवला की वेल हातातून जाते. तिला पाणी कुणी घातले, ते पाणी कुणाच्या तोंडचे होते, तिची पाने कशी आली, ती वाढत असताना तो माणूस दिवसभर काय करत होता, हे पाहायची गरजच उरत नाही. त्या मुलाला गुदमरायला होत होते ते या तपशिलांमुळे, आणि वहीत तो नेमके तेच गाळून उतरवून घेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी संपल्यावर मी त्याला एका डब्यात नेले. रोज शेकडो नंबर नोंदवणारा हा मुलगा लाइट टेस्टसाठी कधी आत उभा राहिला नव्हता. दारे लागली. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने डाव्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर एक ठिपका उमटला. गंजाने पत्रा खाल्लेला असावा. त्या ठिपक्यातून उजेडाची बारीक काडी तिरपी आत आली होती आणि तिच्यात धूळ वर-खाली होत होती. डब्याची जमीन लाकडी फळ्यांची. त्या काडीच्या टोकाशी फळीवरची एक शीर, एक खिळ्याचे डोके आणि कुठल्यातरी धान्याचा एक दाणा एवढेच दिसत होते. बाकी चाळीस फुटांचा डबा जणू नव्हताच.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “डोळा दुसरीकडे जातच नाय.”

हे त्याचे वाक्य मी अजून अनेकांना सांगतो, कारण जी. ए. काय करतात ते त्यात आहे. ‘स्वामी’तल्या माणसाकडून एकेक गोष्ट काढून घेतली जाते. आधी रस्ता जातो, मग सोबत, मग नाव, मग दिवस-रात्र. वाचकाची नजर कुठे भटकू शकेल अशी एकही जागा लेखक ठेवत नाही. आणि मग त्या रिकाम्या अंधारात एक हिरवी गोष्ट उगवते. अशा वेळी तिच्यात अर्थ भरावा लागत नाही. आपले सगळे लक्ष, आपली सगळी आशा तिच्याकडे आपोआप ओढली जाते. भर बागेत तीच वेल दाखवली असती तर तिच्याकडे कुणी पाहिलेही नसते. प्रतीक ही निवडलेल्या वस्तूची करामत कमी आणि तिच्याभोवती लेखकाने काय काय विझवले आहे याची जास्त.

हे तंत्र मराठीत आले त्याला इतिहास आहे. १९४५ च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी जी कथा लिहायला घेतली तिला आपण नवकथा म्हणतो. ‘सत्यकथा’ मासिकाने, आणि श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांनी तिला घर दिले. त्याआधीच्या कथेत घटना घडायची, तिला कलाटणी मिळायची आणि पात्राच्या मनात काय चालले आहे हे निवेदक उघड सांगायचा. नवकथेने घटना बारीक केली आणि निवेदकाचे सांगणे कमी केले. मग मनातले सांगायचे कुणी? ते काम खोलीतल्या वस्तूंवर, हवेवर, उजेडावर, एखाद्या प्राण्यावर आले. प्रतीके आली ती अशी, गरजेपोटी. जी. ए. या पिढीतल्या गाडगीळांच्याच वयाचे, दोघांचाही जन्म १९२३ चा. पण जी. एं.चा पहिला संग्रह ‘निळासावळा’ १९५९ साली आला आणि त्यांची वाटही निराळी निघाली. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारा, सभा-संमेलनांपासून लांब राहणारा हा माणूस कथेला पुन्हा दंतकथेच्या आणि मिथकाच्या मुलखात घेऊन गेला. ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्यांनी परत केला.

त्या गाइडच्या लेखकाचे कुठे बिनसले तेही या इतिहासातूनच समजते. वि. स. खांडेकरांनी मराठीत रूपककथा लोकप्रिय केली. रूपककथेत प्रत्येक वस्तूला एक ठरलेला अर्थ असतो आणि तो कळला की कथा कळली. त्या प्रकाराची ती रीतच आहे, त्यात कमीपणा काही नाही. जी. एं.नी स्वतः ‘सांजशकुन’मध्ये दृष्टान्ताच्या जवळ जाणारे लेखन केले आहे. पण ‘स्वामी’ वाचताना रूपककथेची किल्ली लावली तर ती फिरत नाही. इथला अर्थ वस्तूच्या वागण्यातून हळूहळू जमत जातो आणि कथा संपल्यावरही जमतच राहतो.

त्या मुलाबरोबर मी मग एक पद्धत ठरवली. अर्थ लिहायचाच नाही. आधी पाहणी करायची. पानाच्या कडेला पेन्सिलीने नोंदी: ही वस्तू पहिल्यांदा कुठे आली? तिच्याकडे कोण बघते? कुणाच्या लक्षात येत नाही? दुसऱ्यांदा येते तेव्हा तिच्यात काय बदल झाला? तिच्यासाठी कुणाला काय मोजावे लागले? सर्व्हे रिपोर्टमध्ये आम्ही असेच लिहितो. ‘डावी भिंत, खालून इतक्या अंतरावर, भोक’ असे लिहायचे. ‘बहुधा फोर्कलिफ्टचा धक्का लागला असावा’ असे लिहायचे नाही. जे दिसले ते आधी पुरते लिहून झाले पाहिजे.

शेवटच्या प्रश्नाने, कुणाला काय मोजावे लागले या प्रश्नाने, कथा उघडली. भक्तांनी मठाला जे दिले ते त्यांच्याजवळ जास्तीचे होते. महंताने त्या माणसाला जे दिले ते मठाच्या खजिन्यातले होते. संपूर्ण कथेत स्वतःचे, गरजेचे, परत न मिळणारे असे काही कुणी कुणाला दिले असेल तर ते त्या कोंडलेल्या माणसाने वेलीला. ज्याला सगळे पूजतात त्याच्या हातून घडलेली ही एकच खरी पूजा. हे लक्षात आल्यावर ‘जीवनेच्छा’ हा शब्द अपुरा वाटू लागतो, कारण इच्छा स्वतःसाठी असते आणि इथे तो माणूस स्वतःला बाजूला करत चाललेला आहे.

त्याच सुमारास त्याच्या घरी दुसरे एक वाचन चालू झाले. त्याचे वडील पूर्वी होडी घेऊन खाडीत जायचे, डोल जाळी लावायचे. आता डोळे कमजोर, म्हणून मुलगा त्यांना रात्री वाचून दाखवायचा. मी पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेली हेमिंग्वेची कादंबरिका, ‘एका कोळियाने’, त्याला दिली होती. मूळ इंग्रजी पुस्तक १९५२ चे; त्यातल्या म्हाताऱ्या कोळ्याने पकडलेला मोठा मासा शार्क खाऊन टाकतात आणि किनाऱ्याला सांगाडाच येतो. त्यावर तेव्हापासून प्रतीकांचा पाऊस पडला आहे. म्हातारा म्हणजे अमुक, मासा म्हणजे तमुक. हेमिंग्वेने त्याच साली बर्नार्ड बेरेन्सन या कलासमीक्षकाला पत्र लिहून कळवले होते, की यात प्रतीकबितीक काही नाही. समुद्र तो समुद्रच आणि म्हातारा तो म्हाताराच.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा वडिलांनी मला विचारले, “त्या म्हाताऱ्याची दोरी किती वाव होती?” मी पुस्तक उघडून पाहिले. हेमिंग्वेने ते लिहून ठेवलेले आहे; चार आमिषे, एक चाळीस वाव खोल, दुसरे पंचाहत्तर, मग शंभर आणि सव्वाशे. वडिलांनी मान हलवली. मग हात पुढे करून तळवे दाखवले. ओली दोरी पळत सुटली की कातडे कसे सोलते, डाव्या हाताला आधी का पेटका येतो, मीठ लागले की जखम कशी झोंबते, हे सगळे त्यांनी सांगितले. पुस्तकातल्या म्हाताऱ्याच्या हातांशी त्यांचे हात जुळत होते. ती दोरी खरी आहे अशी त्यांची खात्री पटली, आणि मग जेवणे उरकल्यावर ते एवढेच म्हणाले, “त्यानं सांगाडा तरी आणला किनाऱ्याला.”

हे घर मूळचे शेवा कोळीवाड्यातले. बंदरासाठी तो कोळीवाडा उठला आणि ती वस्ती उरणजवळ बोरीपाखाडीला हनुमान कोळीवाडा म्हणून बसवली गेली. घरांना वाळवी लागली, पुन्हा पुनर्वसन करा ही मागणी गावकरी वर्षानुवर्षे करत आले आहेत. या पट्ट्यात जमिनीसाठीचा लढा मोठा झाला; १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या आंदोलनातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झाले. आज जिथे क्रेन उभ्या आहेत त्या बाजूला वडिलांची होडी लागायची. ते ‘सांगाडा तरी’ म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात कोणता मासा होता हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. हेमिंग्वेने प्रतीक नाही म्हटले तेही खरे आणि वडिलांना ते सापडले तेही खरे. दोरी वाव मोजून सोडलेली, आमिष नीट बांधलेले, हात खरोखर सोललेले, म्हणून तर उरणचा कोळी क्यूबाच्या कोळ्याच्या बोटीत बसू शकला.

यानंतर मुलाने ‘स्वामी’चा स्वतःचा अर्थ लावला. तो म्हणाला, “दादा, आमच्या गावाचंच आहे हे. प्रकल्पग्रस्त म्हणून मान आहे, दाखला आहे, सभेत पुढची खुर्ची आहे. पण पाण्यापर्यंत जायची वाट नाय. आणि ती वेल म्हणजे आम्ही पोरं. बापानं आपलं पाणी घातलं, आम्ही वर गेलो, तो खालीच राहिला.”

मी बराच वेळ गप्प होतो. मग त्याला म्हटले, आता यावर लाइट टेस्ट कर. कथेतली कोणती गोष्ट या अर्थात बसत नाही ते शोध. त्याने रात्रभर शोधले आणि दोन गोष्टी आणल्या. एक, कथेतल्या माणसाला भक्त पूजतात, त्यांच्या गावाला कुणी पूजत नाही. दोन, वेल त्या माणसाला सोडून बाहेर जाते. हा मुलगा मात्र घरी येऊन बापाला वाचून दाखवतो. अर्थ त्यामुळे मोडला नाही, त्याच्या कडा स्पष्ट झाल्या. कथा आपल्याला कुठपर्यंत लागू पडते आणि कुठून पुढे ती तिची एकटीची आहे, हे त्याला कळले. वाचकाने स्वतःचे आयुष्य कथेत आणावे, जरूर आणावे. फक्त कथेतले जे तपशील त्याला अडवतात त्यांना पुसून टाकू नये. ते अडवणारे तपशीलच आपल्याला आपल्याबद्दल काहीतरी नवे सांगतात.

माझ्या कामात आणि या वाचनात एक मोठा फरक आहे, आणि तो इथे सांगितलाच पाहिजे. डब्यातल्या भोकाचा एकच अर्थ काढावा लागतो. ते भोक माल भरण्याआधीचे की नंतरचे, डबा त्या वेळी कुणाच्या ताब्यात होता, दुरुस्तीचे पैसे कुणी भरायचे, हे ठरवायचे असते. दोन अर्थ राहिले तर भांडण राहते, म्हणून रिपोर्टवर सही करताना सर्व्हेअरने एका अर्थावर यायलाच हवे. परीक्षेलाही गुण द्यायचे असतात, म्हणून गाइडवाले एकेका वस्तूसमोर एकेक शब्द ठेवतात. जिथे जबाबदारी ठरवायची असते तिथे एकच अर्थ लागतो. कथेत कुणाची जबाबदारी ठरवायची नसते, कुणाकडून भरपाई वसूल करायची नसते. तिथे वेल ही बापाने वाढवलेली पोरे असू शकते, एका बंदिवानाने केलेली खरी पूजा असू शकते, आणि तरीही शेवटपर्यंत साधी, पाण्यावर वाढणारी वेलच असू शकते. हे तिन्ही एकाच वेळी खरे धरून ठेवायची ताकद मोठी आहे. दिवसभर एकाच अर्थाच्या कागदांवर सह्या करणाऱ्या माणसांना तर ती फार लागते. दिवसभर आम्ही प्रत्येक वस्तूला विचारतो, तू कुणाची चूक आहेस? कथा वाचताना हा प्रश्न बाजूला ठेवता येतो आणि वस्तूकडे नुसते बघता येते, याची मला कायम कृतज्ञता वाटते.

परीक्षेचा पेपर त्या मुलाने आपल्या पद्धतीने लिहिला. आधी वस्तू, तिचा प्रत्येक उल्लेख, तिच्यासाठी मोजलेली किंमत, मग अर्थ, मग त्या अर्थात न बसणारे तपशील. गाइडमधला उजवा रकाना त्याने वापरला नाही. पास झाला, आणि नोकरी सांभाळून आता उरणमध्ये शाळेतल्या मुलांच्या मराठीच्या शिकवण्याही घेतो.

आमच्या कॅन्टीनमध्ये आता महिन्याच्या एका शनिवारी कथा वाचली जाते. ट्रेलरचे ड्रायव्हर येतात, रीफरचे, म्हणजे थंड डब्यांचे, तापमान तपासणारी तंत्रज्ञ मुलगी येते, कस्टम्सच्या कागदपत्रांची कामे करणारे एक काका येतात. पुढच्या शनिवारी गाडगीळांची ‘किडलेली माणसे’ घ्यायची ठरली आहे. नवीन येणाऱ्याला आम्ही एकच अट घालतो: ‘याचा अर्थ काय’ हे विचारण्याआधी कथेतली एक वस्तू निवडायची, ती कुठे कुठे आली ते सांगायचे आणि तिच्यासाठी कुणाला काय द्यावे लागले ते सांगायचे. एवढे जो मन लावून करतो त्याला पुढचे कुणी शिकवावे लागत नाही.